लाकडातील ओल आणि तिची राखण



चैत्र-वैशाखाच्या ह्या दिवसांत जुन्या कडीपाटाच्या घरात निजणाऱ्याच्या कानी मध्यरात्री एक आवाज हटकून पडतो. सगळीकडे सामसूम झालेली असते, आणि डोक्यावरच्या तुळईतून एकाएकी ‘टक्’ असे होते. लहानपणी आम्ही घाबरून उठून बसत असू. आजी म्हणे, “नीज रे, वास्तू बोलतीय.” पुढे चार पुस्तके वाचल्यावर आम्हांस कळले की आजीचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. दिवसभर कोरड्या वाऱ्याने सुकलेले लाकूड रात्री गार होता होता आकसते, खाचेत बसवलेले कुसू केसभर सरकते, एखादी जुनी चीर किंचित वाढते, आणि त्याचा तो आवाज असतो. मृगाचा पाऊस लागला की तीच तुळई मुकाट होते. त्या वेळी ती पाणी पीत असते. झाड तोडून, तासून, घरात बसवून शंभर वर्षे झाली तरी लाकडाचे हे पिणे आणि सुकणे थांबत नाही.

ह्या पाण्यावर आपल्या मुलखात पाळत कोणी ठेवली, कशी ठेवली, इमारत उभी होताना ठेवली की उभी झाल्यावरही ठेवली, आणि त्या पाळतीची मजुरी कोणास मिळाली, एवढाच आजचा विषय आहे. मजुरीचा प्रश्न आला म्हणजे वक्ता कोण हे आपण ओळखलेच असेल. आम्ही इंजिनियर नव्हे. लासलगावच्या बाजारपेठेत हमाल-मापाड्यांच्या संघटनेचे काम करीत आमची हयात गेली. शाळा दहावीला सुटली आणि पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा पंडितांनी चुकेल तेथे कान धरावा.

प्रथम हे पाणी लाकडात राहते कोठे ते पाहू. धुतलेले धोतर पिळण्यापूर्वी त्यातून पाणी ठिबकत असते. पिळल्यावर ठिबकणे थांबते, पण धोतर ओलसरच असते. लाकडाचे तसेच आहे. ताज्या तोडलेल्या ओंडक्यात पोकळ्यांमधून मोकळे पाणी भरलेले असते, ते आधी निघून जाते. ते जाईपर्यंत लाकूड हलके होते खरे, पण आकाराने तसूभरही कमी होत नाही. मग उरते ते तंतूंच्या भिंतींत मुरलेले पाणी. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या शेकडा २५ ते ३० इतके पाणी उरले म्हणजे ही पायरी आली असे समजतात. येथून खाली लाकूड सुकू लागले की ते आकसू लागते, वाकते, पीळ खाते आणि तडकते. शिवाय ते सगळीकडून सारखे आकसत नाही. साग हा त्यातल्या त्यात शहाणा वृक्ष. तरी ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत तो वर्तुळांच्या दिशेने शेकडा ५.८ आणि गाभ्याकडून सालीकडे शेकडा २.५ आकसतो. म्हणजे एका दिशेस दुसऱ्या दिशेच्या दुपटीहून जास्त. एक फूट रुंदीची सागाची फळी शेकडा ३० ओलीची असताना ठोकली आणि ती घरात शेकडा १२ वर आली, तर दोन फळ्यांमध्ये दहा मिलिमीटरपर्यंत फट पडू शकते. लोक मग सुताराला नावे ठेवतात.

उलट बाजूची गोष्ट अधिक वाईट. शेकडा २० च्या वर ओल टिकून राहिली की बुरशीला बिऱ्हाड करावयास जागा होते. बुरशीचे बी हवेत सर्वत्र असते. ते कोणी आणावे लागत नाही. कोरड्या लाकडावर ते उपाशी पडून राहते. म्हणूनच शेकडा १२ च्या लाकडाचे घर शंभर वर्षे उभे राहते आणि शेकडा ३० चे दहा वर्षांत खाली येऊ शकते, जरी दोन्ही लाकडे एकाच जंगलातली असली तरी.

आता लासलगावातला कोणीही जुना हमाल आपणांस सांगेल की ही ओल ओळखण्यास यंत्र लागत नाही, खांदा लागतो. वाळलेल्या सागाचा एक घनफूट सुमारे १८-१९ किलो भरतो; तोच ओला असेल तर २५ किलोच्या सहज पुढे जातो. लाकूड विकले जाते घनफुटावर. व्यापारी घनफूट मोजतो, गिऱ्हाईक घनफुटाचे पैसे देते, आणि मधले पाणी वाहतो हमाल, तेही नगाच्या दराने. ह्या पाण्याची मजुरी त्याला कोणी दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ओल मोजण्याचे पहिले साधन हे असे माणसाच्या मानेवर होते. दुसरे साधन सुताराचा कान. लाकडावर हातोडीचा दांडा मारला की सुके लाकूड खणखणीत बोलते, ओले बद्द वाजते. करवत ओल्या लाकडात चोंदते, भुसा दातांना चिकटतो. रंध्याखालची सालपे सुक्या लाकडाची कुरकुरीत निघतात, ओल्याची लोळागोळा होतात. ह्या ज्ञानाची पोथी कोणी लिहिली नाही. बापाने मुलाच्या हाती हातोडी दिली, तेवढीच पोथी.

परंतु ओळखणे निराळे आणि वाट पाहणे निराळे. जुन्या काळाचा खरा पैसा वाट पाहण्यात होता. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस ह्याने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे की झाड एकदम पाडू नये; बुंध्याला गाभ्यापर्यंत खाच घ्यावी, रस गळून जाऊ द्यावा, झाड उभ्याउभ्या वाळले की मग पाडावे. ब्रह्मदेशातील सागाच्या जंगलांत हीच चाल होती. बुंध्याभोवती साल आणि बाहेरचे पांढरे लाकूड कापून कडे पाडीत, झाड जागच्या जागी मरे, दोन-तीन वर्षे उन्हावाऱ्यात उभे राही, मग तोडीत. त्यात व्यवहारही होता, कारण ओला साग पाण्यात बुडतो आणि असा वाळवलेला तरंगतो; नदीतून तराफे सोडावयाचे तर लाकूड आधी हलके करणे भागच होते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागाची जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ आज दोनशेहून अधिक वर्षांनी इंग्लंडातील हार्टलपूल येथे तरंगते आहे. जहाजाच्या नावलौकिकात वाडियांचे नाव येते आणि यावेच. जंगलात झाडाला कडे पाडून तीन पावसाळे त्यावर नजर ठेवणारा मात्र कोठेच येत नाही.

आपल्याकडील मोठ्या वाड्यांकडे वळू. पुण्याचा शनिवारवाडा १७३० च्या जानेवारीत सुरू होऊन १७३२ च्या जानेवारीत त्याची वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये आला. साग जुन्नरच्या जंगलातला, दगड चिंचवडच्या खाणीतला आणि चुना जेजुरीच्या भट्ट्यांतला, ही यादी शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. दोन वर्षे हा काळ वाचून आम्हांस नेहमी एक गोष्ट जाणवते. मोठी तुळई पुरती वाळावयास दोन वर्षे पुरत नाहीत. इमारती लाकडाच्या व्यापारात जाडीच्या एका इंचाला एक वर्ष असा जुना आडाखा आहे. तो काटेकोर नाही, पण त्याप्रमाणे नऊ इंची तुळई वाळवावयाची तर नऊ वर्षे होतात. इतकी वर्षे ना पेशवे थांबत, ना तुमच्या-आमच्या गावातला सावकार. म्हणजे जाड लाकूड घरात जाते ते बहुधा अर्धवट वाळलेले. बाहेरून कोरडे, पोटात ओले. उरलेले वाळणे घर बांधून झाल्यावर, माणसे राहावयास आल्यावर, डोक्यावर चालू राहते. ही गोष्ट एकदा लक्षात आली की जुन्या वाड्यांच्या पुष्कळशा रीतींचा अर्थ लागू लागतो.

आमच्या लासलगावाहून चांदवड फार दूर नाही. तेथील होळकरांचा रंगमहाल आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. नाशिकच्या सराफ बाजारातील सरकारवाडाही पाहिला असेल. पुन्हा जाल तेव्हा नक्षीकाम पाहून झाल्यावर जरा खाली आणि जरा वर पाहावे. जुन्या वाड्याचा खांब जमिनीला टेकत नाही. तो दगडी तळखड्यावर उभा असतो, तळखडा जोत्यावर असतो, आणि जोते अंगणाहून वर असते. लाकूड सर्वांत अधिक पाणी पिते ते आपल्या कापलेल्या टोकाकडून, जशी दिव्यातली वात तेल पिते; म्हणून ते टोक मातीपासून तोडलेले. वर पाहाल तर तुळया, त्यांवर कड्या आणि कड्यांवर पाट, सगळे उघडे. खालून छत मारून झाकलेले नाही. गळती लागली तर पाटावर डाग दिसतो, बुरशी धरली तर पांढरट पापुद्रा दिसतो, भुंगा लागला तर खाली पिठासारखा भुसा पडतो आणि घरातली बाई सकाळी केर काढताना तो पाहते. चौकातून वारा खेळता. भिंत माती-चुन्याची, म्हणजे ओल शोषणारी आणि तितक्याच सहजपणे सोडून देणारी. वळचण भिंतीपासून चांगली पुढे आलेली. लाकडाला बिब्ब्याचे तेल चोपडण्याची चालही गावोगाव होती. इतकी सोय असल्यावर घरच घरावर पाळत ठेवते, निराळा पहारेकरी नको.

तरी पहारेकरी होताच. मृगाच्या आधी घर शाकारण्याचा तो मोसम. कौले उतरून लावावयाची, फुटकी काढावयाची, वासा-रिपा तपासावयाच्या. गावचा सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. खळ्यावर धान्याचे बलुते घ्यावयाचे आणि वर्षभर औत, गाडी, दार, चौकट पाहावयाची, असा त्याचा करार. घर बांधून पैसे घेऊन निघून जाणारा तो नव्हता. त्याच घरात पुढच्या वर्षी, त्याच्याही पुढच्या वर्षी त्याला यावयाचे होते, आणि त्याच्यामागे त्याच्या मुलाला. बांधताना ओले लाकूड घातले तर तीन वर्षांनी अडकलेले दार रंधण्यासाठी फुकटात यावयाचे कोणाला? त्यालाच. आम्हांस वाटते की ओलीवर नजर ठेवण्याची खरी हमी ह्या एका गोष्टीत होती.

हे ऐकून कोणी ‘पाहा, जुनी व्यवस्था किती सुंदर’ असे म्हणू लागेल, म्हणून येथेच थांबून सांगितले पाहिजे की आम्ही बलुतेदारीचे गोडवे गाण्यास उभे नाही. जन्माने काम आणि जन्माने दाम ठरवणारी ती पद्धत होती. सुताराला निदान खळ्यावर मानाने उभे राहता येत होते. त्याच वाड्याची लाकडे बिगारीत ओढून आणणाऱ्याला तेही नव्हते. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक आणले, ते काय उगाच? ती पद्धत गेली हे उत्तमच झाले. खेद इतकाच की जाताना तिच्याबरोबर वर्षातून एकदा येऊन तुळई वाजवून पाहणारा माणूसही गेला, आणि त्याची जागा रोख मजुरीवर कोणी भरली नाही.

ती जागा रिकामी कशी झाली, ह्याचे एक मोठे कारण आमच्याच गावावरून धावते. १८४२ साली इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून तेथील सागाची जंगले भाडेपट्ट्याने घेतली. १८६० च्या दशकात थळ घाट ओलांडून रेल्वे नाशिक-लासलगाव-मनमाड अशी पुढे गेली. लोहमार्गाला स्लीपर लागले, स्टेशनांना छपरे लागली, वखारी उभ्या राहिल्या. मंगलोरी कौले आली. लाकूड आता जवळच्या डोंगरातून ओळखीच्या माणसाने न येता वखारीतून येऊ लागले, आणि काम कंत्राटावर होऊ लागले. कंत्राटात तारीख असते. तारखेच्या आत काम पुरे केले तर पैसे. लाकूड वाळण्यासाठी थांबले तर दंड. जे काम पूर्वी तीन पावसाळ्यांत विभागलेले होते ते एका उन्हाळ्यात कोंबले गेले. सुताराचा कान तोच राहिला. तो ‘बद्द’ आवाज ऐकत होता आणि मुकादमाकडे पाहत होता.

ह्याच काळात शास्त्रानेही आपले काम केले, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. डेहराडून येथे १९०६ साली वनसंशोधन संस्था निघाली आणि आपल्या देशातल्या लाकडांच्या वाळवणीचा पद्धतशीर अभ्यास तेथे झाला. ओल मोजण्याची मूळ रीत फार सोपी आहे. लाकडाचा तुकडा तोलावा, १०३ अंश सेल्सियसच्या भट्टीत वजन उतरणे थांबेपर्यंत ठेवावा, पुन्हा तोलावा. गेलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणावे. येथे भागावयाचे ते कोरड्या वजनाने, हे ध्यानात ठेवावे. म्हणून ताज्या लाकडात शेकडा शंभरावरही ओल निघते आणि ऐकणारा चकित होतो. ह्या रीतीत तुळईचा तुकडा तोडावा लागतो, हीच काय ती अडचण. १९२७ साली अमेरिकेतील स्टॅम ह्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की लाकडातून वीज जावयास होणारा अडथळा ओलीप्रमाणे बदलतो. त्यावरून दोन सुया टोचावयाच्या आणि काट्यावर आकडा वाचावयाचा, असे हातात मावणारे यंत्र निघाले. आज ते कोणत्याही शहरात विकत मिळते. शेकडा ७ ते २५-२८ पर्यंत त्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. त्याच्या वरखाली ते अंदाजच सांगते. आखूड सुया पृष्ठभागाचे सांगतात, पोटातले नाही. जातीप्रमाणे आणि उष्णतेप्रमाणे आकड्यात दुरुस्ती करावी लागते. स्वातंत्र्याच्या थोडे आधी मानक संस्था निघाली आणि पुढे भारतीय मानक २८७ मध्ये हवामानाप्रमाणे देशाचे चार विभाग पाडून आकडे घालून दिले गेले. तुळया आणि वासे ह्यांसाठी अत्यंत कोरड्या विभागात जास्तीत जास्त शेकडा १२, पुढे १४, १७ आणि अत्यंत दमट विभागात २०. जाड दारे-खिडक्यांसाठी १०, १२, १४, १६. हे आकडे छापलेले आहेत. बांधकामावर राबणाऱ्या किती सुतारांना ते कोणी वाचून दाखवले, असे विचारले तर येथे बसलेल्यांपैकी किती हात वर होतील?

आता एक प्रसंग सांगतो. नावगाव सांगत नाही, कारण ज्याची ती वास्तू होती तो आपली बाजू मांडण्यास येथे नाही. वर्ष १९९८ च्या सुमाराचे. आमच्या तालुक्यातल्या एका गुदामात लाकडी पोटमाळा होता. ऐन आषाढात, पाऊस चालू असताना तो घातला होता. तुळयांची टोके सिमेंटच्या भिंतीत घट्ट बसवून गिलावा केला, खालून प्लायवुडचे छत मारले, वर तैलरंगाचे दोन हात दिले. दिसावयास फार सुरेख. चौथ्या वर्षी पोती रचताना एका तुळईचे टोक भिंतीतून सुटले आणि आमचा एक सभासद पोत्यांसकट खाली आला. मांडीचे हाड मोडले. मालकाचे म्हणणे असे की हमालांनी जास्त थप्पी लावली. सागाच्या लाकडाला काय होते?

आम्ही छताचे प्लायवुड उचकटून पाहिले. तुळई मध्यभागी वाजवली तर खणखणीत. भिंतीपाशी वीतभर भाग मात्र तपकिरी पडलेला, आणि बोटांनी दाबला की चौकोनी खडे होऊन गळून पडणारा. त्याच्या आतल्या बाजूचा जरा धड असलेला एक तुकडा कापला, दुसरा तुळईच्या मधोमध कापला. एका ओळखीच्या सराफाकडे दोन्ही तोलले आणि बेकरीवाल्याच्या हातापाया पडून त्याच्या भट्टीच्या कडेला दोन रात्री ठेवले. भट्टी काही १०३ अंशांवर बेतलेली नव्हती, हे कबूल. पण वजन उतरावयाचे थांबले तेव्हाच काढले. भिंतीकडचा तुकडा ६२ ग्रॅमचा ४९ झाला, मधला ५६ चा ५० झाला. भागाकार करून पाहिला. एकाच तुळईत मध्यावर शेकडा १२ आणि टोकाला साडेसव्वीस! भिंत पावसाचे पाणी पीत होती, तुळईचे टोक ते भिंतीतून पीत होते, आणि रंगाने व प्लायवुडने बाहेर पडावयाची वाट बुजवलेली होती. वरून सगळे चकचकीत.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली प्रकरण चालले. आमच्या दोन तुकड्यांना तेथे किंमत आली नाही, आणि खरे सांगावयाचे तर ती न येण्यात कायद्याची चूकही नव्हती. तुकडे आम्हीच कापलेले, पंचनामा नाही, भट्टी बेकरीची. लाकूड बसवले त्या दिवशी त्यात ओल किती होती, असे समोरच्या वकिलाने विचारले; आम्ही गप्प. ती कोणी मोजलीच नव्हती, मग लिहून कोठून ठेवणार? शेवटी तडजोड झाली. दवाखान्याचे बिल भागले आणि थोडे हाती उरले. पाय मात्र आखूड राहिला, आणि पाठीवर पोते घेणाऱ्याचा पाय आखूड राहणे म्हणजे काय हे ह्या गावात समजावून सांगावयास नको. त्या दिवसापासून आम्ही ह्या विषयाची पुस्तके शोधू लागलो.

शोधता शोधता एक गमतीची गोष्ट ध्यानात आली. लाकडी इमारतीतली ओल रोजच्या रोज तपासणारे लोक आमच्या डोळ्यांसमोरच होते. आम्हीच त्यांना त्या नजरेने पाहिले नव्हते. कांदाचाळ ही दुसरी काय आहे? लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. त्याच्या कितीतरी आधीपासून शेतकरी बांबू, लाकूड आणि उसाचे पाचट ह्यांची चाळ घालीत आला. ती इमारत माणसासाठी नाही, हवेसाठी आहे. जमिनीपासून तळ उचललेला, तळाला आणि बाजूंना फटी, रुंदी बेताची, थर बेताचा. कांद्याच्या शंभर भागांत सुमारे ८६ भाग पाणी. ते फार उडाले तर वजन जाते, कोंडले तर कांदा सडतो. १९७७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय बागवानी संशोधन प्रतिष्ठानाने चाळींच्या सुधारलेल्या बांधणीवर काम केले. साठवणीस २५ ते ३० अंश उष्णता आणि हवेत शेकडा ६५ ते ७० आर्द्रता मानवते, असे सांगितले जाते. पुढे २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे किरणप्रक्रियेचे केंद्र येथे उभे राहिले. त्याने कोंब फुटणे थांबते. ओलीने सडणे थांबत नाही. ती राखण चाळीनेच करावयाची.

आणि चाळीची राखण कोण करते? श्रावणात झड लागली की शेतकरीण कोपरापर्यंत हात कांद्याच्या थरात घालते. आत ऊब लागली, वास बदलला, की त्या जागेचा कांदा बाहेर काढते. तिला आर्द्रतेचा आकडा माहीत नाही, पण तिला उद्याही यावयाचे आहे. मात्र ह्याच चाळीचे खांब पाहा. कांद्याची इतकी काळजी घेणारा शेतकरी खांब थेट मुरुमात गाडतो. थोड्या पावसाळ्यांत खांब जमिनीलगत कुजतो. वर धड, खाली धड, मध्ये मातीशी टेकतो तेथे बोटभर उरलेला. कारण पाणी आणि हवा दोन्ही मिळतात ती जागा तीच. हातभर दगडाचा किंवा काँक्रीटचा ठोकळा खाली दिला की हे टळते, आणि अलीकडे पुष्कळ जण तो देऊ लागले आहेत. चांदवडच्या तळखड्याचीच ही गरिबाघरची आवृत्ती आहे.

कोणी म्हणेल, आता लाकडाची घरे बांधतो कोण? मध्यंतरी तसे वाटण्याजोगी स्थिती होती खरी. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ साली आपल्या कामांत लाकूड वापरण्यास बंदी घातली होती. ती २०२० साली उठली. नॉर्वेत २०१९ साली ८५.४ मीटर उंचीची, अठरा मजल्यांची इमारत लाकडाच्या जुळवलेल्या खांबांवर उभी राहिली. अशा इमारतींच्या बांधकामात लाकूड कारखान्यातून किती ओलीचे आले ते लिहितात, उभारणी चालू असता त्यावर आच्छादने घालतात, आणि काही ठिकाणी तुळयांच्या पोटात बारीक संवेदक ठेवून इमारत वापरात आल्यावरही वर्षानुवर्षे आकडे घेतात. सर्वांत अधिक नजर कोठे ठेवतात? तुळईच्या टोकांवर, भिंतीच्या तळाशी, स्नानगृहाखाली आणि छपराच्या कडेला. म्हणजे आमच्या गुदामात जेथे कुजले तेथेच.

आपल्याकडचा निकडीचा प्रश्न नव्या इमारतींचा नाही, जुन्यांचा आहे. नाशिकला गोदावरीचे पाणी १९६९ साली चढले, २००८ साली चढले, २०१६ साली चढले. प्रत्येक वेळी काठच्या जुन्या पेठांतील घरांत शिरले. पूर ओसरला की आपण चिखल काढतो, भिंतीला सिमेंटचा गिलावा मारतो आणि सणाच्या आत रंग देतो. आतले लाकूड मात्र महिनोन्‌महिने सुकत असावयाचे असते, आणि आपण त्याचे तोंड बांधून ठेवतो. मग कोणत्यातरी पावसाळ्यात जुना वाडा कोसळल्याची बातमी येते आणि ‘मोडकळीस आलेला’ असे विशेषण देऊन छापली जाते. अशा वाड्यात बहुधा भाडेकरू असतात, आणि तो पाडावयास किंवा टेकू द्यावयास जातात ते रोजंदारीचे मजूर. इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ साली झाला, त्यात सुरक्षिततेची कलमे होती. पण डोक्यावरच्या तुळईचे भिंतीतले टोक कसे आहे हे आत जाण्यापूर्वी पाहावे, त्याची नोंद व्हावी, आणि पाहणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी मिळावी, ह्यासाठी आम्ही ज्या ज्या बैठकीत बोललो तेथे आम्हांस चहा मिळाला.

म्हणून आम्ही आपल्यापुरते एक काम सुरू केले आहे. संघटनेने वर्गणीतून सुयांचे एक यंत्र घेतले. तालुक्यातले पाच-सहा सुतार आणि काही जुने हमाल त्यात आहेत. ज्या घराचा मालक परवानगी देईल तेथे आम्ही वर्षातून दोनदा जातो, एकदा आता वैशाखात आणि एकदा पोळ्याच्या सुमारास. तुळई मध्ये आणि दोन्ही टोकांना पाहतो. आकडा वहीत लिहितो आणि तुळईवरही, सुताराच्या पेन्सिलीने, तारीख घालून. पहिल्या खेपेस एका वृद्ध सुतारांनी यंत्राला हात लावण्यास नकार दिला. त्यांनी आधी हातोडीच्या दांड्याने टोक वाजवले, जरा थांबले आणि “वीस-बावीस असंल” म्हणाले. यंत्राने एकवीस दाखवले. त्या तुळईवर आता चार आकडे झाले आहेत. शेवटचा गेल्या पोळ्याचा, सतरा. मालकांनी मधल्या काळात भिंतीचा सिमेंटचा गिलावा तेवढ्यापुरता काढून टाकला होता.

उद्या सकाळी आठ वाजता आम्ही पाचव्यांदा तेथे जाणार आहोत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर नाव सांगावे. शिडी एकच आहे.